स्टँडसमोरचा बूथ: वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आमच्या बाजारगावात एसटीतून उतरलं की समोर रसवंती, तिच्या शेजारी चपलांचं दुकान आणि त्याला लागून दहा बाय आठचा एक गाळा दिसतो. पाटीवर आज ‘ऑनलाईन सेवा केंद्र’ असं लिहिलंय. त्याआधी तिथं ‘मोबाईल शॉपी’ होतं, त्याच्याही आधी ‘झेरॉक्स, लॅमिनेशन’, आणि सगळ्यांत खाली, ऊन पडलं की रंगाखालून अजून वर दिसणारी पिवळी अक्षरं आहेत: एसटीडी, आयएसडी, पीसीओ, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावायचा बूथ. पाटी चार वेळा रंगवली, पण लोकांच्या तोंडचं नाव एकदाही बदललं नाही. आटपाडी तालुक्याच्या या बाजूला म्हातारी माणसं काय, कॉलेजची पोरं काय, ‘बूथवर जाऊन येतो’ असंच म्हणतात.

आता स्टँडच्या आसपास अशीच दोन नवी केंद्रं उघडलीत. आमच्या बचत गटातल्या बायका विचारतात, ‘आक्का, कुठं जायचं?’ मी गटाची सचिव, कागदपत्रांसाठी महिन्यातून चार-पाच वेळा माझी फेरी असतेच. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. आणि लिहायचंच तर पहिल्यापासून लिहायला पाहिजे, कारण या दुकानाचा गुण आणि दोष, दोन्ही जुने आहेत.

माझं लग्न २००४ च्या मे महिन्यात झालं. लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. म्हैस आणि बैल चारा छावणीत, सासरेही त्यांच्यासोबत तिथंच मुक्कामाला. मालक, म्हणजे माझा नवरा, कोइंबतूरला गलाईच्या दुकानात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम करतात. केरळ, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश, बंगालपर्यंत जिथं सराफकट्टा आहे तिथं आमच्याकडचा एखादा गलाईवाला सापडतोच. त्यामुळं आमच्याकडं एसटीडी बूथ ही चैन नव्हती. घरटी एक माणूस परमुलखात, आणि त्याचा आवाज ऐकायची जागा म्हणजे हा गाळा.

दुकान तात्यांचं. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा एक पाय अधू आहे. तेव्हा बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यातून त्यांना हा मिळालेला. आत एक लाकडी काउंटर, त्यावर लाल आकडे पळणारा मीटर, मीटरला जोडलेला छोटा प्रिंटर, आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनवर चिठ्ठी चिकटवलेली: ‘थोडक्यात बोला, बाहेर लोक थांबलेत.’ आत पंखा होता, तो मी कधीच चालू पाहिला नाही. उन्हाळ्यात दार लावलं तर जीव घुसमटायचा आणि उघडं ठेवलं तर बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना सगळं ऐकू जायचं.

रात्री कॉलचा दर उतरायचा, म्हणून गर्दी रात्रीच. सुनेनं एकटीनं रात्री स्टँडवर जायचं नाही, म्हणून आठवड्यातून एकदा सासरे छावणीतून यायचे आणि मला घेऊन जायचे. मालकांच्या दुकानात फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या सराफाचा पी.पी. नंबर होता. आधी एक कॉल करून ‘बोलवा’ म्हणायचं, ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग परत लावायचा. त्या पाच मिनिटांत लाईन गेली की परत रांगेच्या शेवटी. खुरपणीला बाईला तेव्हा दिवसाचे तीस रुपये मिळायचे, आणि मी सात-आठ मिनिटं बोलले की तेवढं बिल सहज व्हायचं. लाल आकडा पळताना दिसायचा आणि तोंडातलं वाक्य अर्ध्यावर राहायचं.

एक रात्र मला लख्ख आठवते. २००५ चा आषाढ. मला मालकांना सांगायचं होतं की दिवस गेलेत. केबिनचं दार उघडं, बाहेर बाकावर सासरे, त्यांच्या शेजारी गावातले चौघं-पाच जण. मी म्हटलं, ‘आपल्याकडं पाहुणा येणार आहे.’ तिकडून प्रश्न, ‘कोण? कुठला? स्टँडवर घ्यायला कोण जाणार?’ मी घामाघूम. शेवटी मी एवढंच म्हणाले, ‘मार्गशीर्षात येणार आहे.’ मग पलीकडं आवाज एकदम बंद झाला. मीटर पळत होता आणि आम्ही दोघंही गप्प. बाहेर आले तर सगळे माझ्याकडं बघत होते. तात्यांनी प्रिंटरमधून बिल फाडलं, माझ्या हातात दिलं आणि मान वर न करता पुढच्या माणसाला म्हणाले, ‘हं, नंबर सांगा.’

त्या माणसाला सगळं कळलेलं होतं. कुणाच्या घरी पैसे आले नाहीत, कुणाचा नवरा तिकडं दुसरीच्या नादाला लागलाय, कुणाची जमीन गहाण पडणार आहे, या पंचक्रोशीतलं सगळं त्यांच्या कानावरून गेलं. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट बाहेर पडल्याचं मी ऐकलेलं नाही. दुकानाचा अभिप्राय लिहिताना ही गोष्ट मी सगळ्यांत वर धरते.

पुढं दिवस भराभर बदलले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठंही एक रुपयात मिनिटभर बोलता यायला लागलं. मालकांनी पुढच्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया घेतला. दोन वर्षांनी मलाही एक हँडसेट आला आणि मी पहिल्यांदा विहिरीवर, एकटी, कुणीही ऐकत नसताना नवऱ्याशी बोलले. बोलायला काही विशेष नव्हतंच. मोटर किती वाजता सुरू होते, पोरीला ताप आहे का, एवढंच. पण आवाज खाली न आणता बोलले, आणि ठेवल्यावर कितीतरी वेळ तशीच कट्ट्यावर बसून राहिले. बायकांच्या आयुष्यात मोबाईलनं काय केलं असं मला कुणी विचारलं तर मी ही दुपार सांगते.

बूथचं मात्र तेव्हा वाईट चाललेलं. रात्रीची रांग गेली. तात्या दहा रुपयांची रिचार्ज कुपनं विकायचे, मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, झेरॉक्स काढायचे. तेव्हा भारनियमन एवढं होतं की झेरॉक्स मशीन दिवसातून चार-पाच तासच चालायचं. ते दुकान बंद करतील असंच आम्हाला वाटायचं. मग त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, मुलाकडून टायपिंग शिकून घेतलं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत पहिलीपासून सुरुवात केली.

त्यांचं नशीब, आणि आमचंही, की त्याच सुमारास सरकारी कामं कॉम्प्युटरवर यायला लागली. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला रंजना सोनवणे यांना मिळालं. आमच्याकडं ते यायला दोन वर्षं लागली. २०१४ मध्ये जनधन खाती, २०१७ मध्ये कर्जमाफीचे ऑनलाईन अर्ज, २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा, २०१९ मध्ये पीएम किसान, २०२१ मध्ये ई-पीक पाहणी. यातलं बहुतेक काम याच गाळ्यात बसून झालंय. सातबाऱ्याचं सांगते. पूर्वी आमचे भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, तीन गावं सांभाळायचे, सज्जावर, म्हणजे त्यांच्या कार्यालयात, भेटतीलच याचा नेम नसायचा. एका उताऱ्यासाठी माझ्या सासऱ्यांच्या तीन-तीन चकरा व्हायच्या आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडायची. आता पंधरा रुपये सरकारी फी भरली की सहीचा उतारा हातात. यात कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. सासरे हे बघायला राहिले नाहीत याचं मला वाईट वाटतं.

सातबाऱ्यावर माझं नाव लागलं तेही या बूथमुळंच. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर मालक कोइंबतूर सोडून कायमचे गावी आले, डाळिंब लावलं. तात्या एकदा उतारा काढून देताना म्हणाले, ‘वहिनींचं नाव कुठाय यात?’ लक्ष्मीमुक्तीची योजना १९९२ पासून आहे, नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, हे मी बचत गटात असूनही मला माहीत नव्हतं. मालक लगेच तयार झाले, मला वाटलं होतं तसे आढेवेढे त्यांनी घेतले नाहीत. तात्यांनी अर्ज लिहून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता आजच्या सेवेबद्दल. गेल्या गेल्या दिसेल ती गोष्ट म्हणजे स्क्रीन गिऱ्हाइकाकडं वळवलेली असते. बाकी ठिकाणी मॉनिटरची पाठ आपल्याकडं असते, आपण फक्त त्या पोराचा चेहरा बघत बसायचं. इथं तात्या प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचतात, ‘नाव बरोबर? सासरचं की माहेरचं? जन्मतारीख दाखल्यावरची की आधारवरची?’ आणि आपण हो म्हटल्याशिवाय पुढचं बटण दाबत नाहीत. त्यामुळं वेळ लागतो. नव्या केंद्रात दहा मिनिटांत होणाऱ्या फॉर्मला इथं अर्धा तास धरा. पण नावातल्या एका वेलांटीनं वर्ष-वर्ष काम अडलेल्या बायका मी गटात पाहिल्यात. तो अर्धा तास मला परवडतो.

दुसरी गोष्ट त्यांची वही. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, पूर्वी ज्यात पी.पी. नंबर लिहिलेले असायचे तशीच. आता त्यात गिऱ्हाइकाच्या नावापुढं बोट लिहिलेलं असतं. शेतात काम करणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा राहत नाहीत. खुरपं, राख, डाळिंबाचे काटे, सगळं त्या बोटांवरूनच जातं. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो आणि समोरचा म्हणतो, ‘मॅच होत नाही.’ आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एका ठिकाणी ‘उद्या या’ म्हणून तीनदा परत पाठवलं. पंच्याहत्तर वर्षांची बाई, स्वतःच्या श्रावणबाळच्या पैशासाठी गेलेली, आणि मशीन म्हणतंय ही तू नाहीस. घरी आल्यावर त्या चुलीपुढं बसून आपलीच बोटं उलटीसुलटी करून बघत होत्या. ते मला बघवलं नाही.

बूथवर नेलं. तात्यांनी ओल्या फडक्यानं त्यांचे हात पुसले, कोरडे केले, बोटांच्या टोकांना किंचित व्हॅसलीन लावून परत पुसलं, मशीनची काच पुसली आणि एकेक बोट लावून पाहिलं. उजव्या हाताची पाचही गेली. डावा अंगठा गेला, तर्जनी गेली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. तात्यांनी वहीत लिहिलं, ‘डावं मधलं’. तेव्हापासून आत्याबाई गेल्या की आधी वही उघडतात, मग मशीन. एका मिनिटात काम होतं. अशी चारशे-पाचशे नावं तरी त्या वहीत असतील. कुणाचं करंगळीचं लागतं, कुणाचं एकही लागत नाही. त्यांच्यापुढं ‘डोळे’ किंवा ‘चेहरा’ असं लिहिलेलं आहे.

अंगठ्यावर पैसे काढायची सोयही इथं आहे. यात काय काळजी घ्यायची ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. केंद्रवाल्याला बँकेकडून कमिशन मिळतं, आपल्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. तरी बरेच जण हजारामागं दहा-वीस काढून घेतात आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं हीच पद्धत आहे. शेजारच्या गावात एकानं ‘झालं नाही, परत लावा’ म्हणत दोनदा अंगठा घेतला आणि एका बाईच्या खात्यातून दुसऱ्यांदाही पैसे गेले. तिला कळलं महिन्यानं, पासबुक भरून आणल्यावर. बूथवर तात्या आधी शिल्लक सांगतात, मग रक्कम कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दाखवतात, मग बोट घेतात, आणि पावती न मागता देतात. पैसे दोनदा मोजून हातात. कमिशनशिवाय एक रुपया घेत नाहीत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले तीन हजार गटातल्या बहुतेकींच्या खात्यात आले, माझे आले नाहीत. अर्ज मंजूर दिसत होता. सप्टेंबरचा हप्ताही गेला. मी बँकेत दोनदा जाऊन आले, ‘आमच्याकडं काही आलेलं नाही’ एवढंच उत्तर. तात्यांनी आधारच्या साईटवर जाऊन कुठलं खातं जोडलेलं आहे ते काढलं, तर भलत्याच बँकेचं नाव. मग आठवलं. २०१४ मध्ये शाळेच्या आवारात शिबिर लागलं होतं, तिथं मी एक खातं उघडलं होतं आणि विसरूनही गेले होते. नंतरचं माझं नेहमीचं खातं आधारला जोडलंच गेलं नव्हतं. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातातच असं नाही, आधारशी जे खातं जोडलेलं असेल तिथं जातात. हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगते.

तात्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर बँकेत काय म्हणायचं ते लिहून दिलं: ‘आधार सीडिंग बदलायचे आहे. जुन्या खात्यातील शिल्लक काढायची आहे. पोच द्यावी.’ खाली रेघ मारून: ‘पोच घेतल्याशिवाय उठू नका.’ चिठ्ठी घेऊन गेले. साडेचार हजार त्या जुन्या खात्यात सुखरूप होते. पोचही घेतली. या कामाचे तात्यांनी वीस रुपये घेतले.

कोरोनाचं लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या भागातली शेकडो गलाई कुटुंबं दक्षिणेत अडकली. माझे धाकटे दीर, जाऊबाई आणि दोन पोरं कोइंबतूरलाच. दुकान बंद, पण तात्या घरी बसून फोनवरून माहिती घेऊन ई-पास भरत होते. तमिळनाडूचा वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा. माझ्या दिरांचा पास दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा मंजूर झाला, रात्री एक वाजता तात्यांचा मला फोन आला, ‘वहिनी, आला पास.’ त्या महिन्यात त्यांनी किती जणांचे पास भरले ते त्यांनाच ठाऊक. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. पुढच्या वर्षी लसीची नोंदणी सुरू झाली तेव्हाही तसंच, स्लॉट दोन मिनिटांत संपायचे, ते पहाटेपासून बसायचे.

आता तक्रारी. त्या आहेत आणि मी त्या तात्यांच्या तोंडावर सांगितल्यात.

सगळ्यांत मोठी म्हणजे झेरॉक्सचा ढीग. काउंटरखाली खोक्यात आधार, पॅन, रेशनकार्ड, पासबुक यांच्या बिघडलेल्या आणि जादा झालेल्या प्रती पडलेल्या असतात. एकदा रसवंतीवाल्याकडं भेळ बांधून घेतली तर पुडी कुणाच्या तरी आधारच्या झेरॉक्सची. पूर्ण नंबर, फोटो, पत्ता. कुणाचं गुपित कधी ओठावर आणलं नाही त्या माणसाच्या दुकानातून हा कागद बाहेर जावा, याचा मला खरंच त्रास झाला. मी ती पुडी तशीच नेऊन काउंटरवर ठेवली. तात्या काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून खोकं आतल्या बाजूला गेलं. कागद फाडून जाळायला हवेत, ते अजून रोज होत नाही. फोनवर पाठवलेल्या फाईलींचंही तेच. काम झालं की त्या कॉम्प्युटरवरून पुसल्या जात नाहीत. पूर्वी जे बोललं ते हवेत विरून जायचं, तोंड बंद ठेवणं पुरेसं होतं. आता कागद आणि फाईल मागं राहते, आणि ती सांभाळायची सवय वेगळी लावून घ्यावी लागते. तात्यांना ती अजून पुरती लागलेली नाही.

दुसरी तक्रार मदतनीस पोराबद्दल. दीड-दोन वर्षांपूर्वी होता तो. घाईच्या दिवसांत ज्या बायकांकडं मोबाईल नसायचा त्यांच्या अर्जात त्यानं दुकानाचाच नंबर टाकला. त्यामुळं त्या बायकांचे ओटीपी दुकानात यायला लागले. त्यात वाईट हेतू नव्हता, काम उरकायचं होतं एवढंच. पण उद्या तो फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर? गटातल्या नऊजणींचे नंबर आम्ही बसून बदलून घेतले. तुमचाही अर्ज तेव्हाचा असेल तर नंबर तपासून घ्या. तो पोरगा आता तिथं नाही.

दरपत्रक आहे, पण ते कॅलेंडरच्या मागं. सरकारी फी वेगळी, टायपिंग वेगळं, स्कॅन वेगळं, प्रिंट वेगळी, हे तात्या विचारल्यावर नीट सांगतात, तरी ते समोर लिहिलेलं असायला पाहिजे. नव्या माणसाला तोंड उघडून दर विचारायचा संकोच वाटतो. आणि दुकानाची पायरी फूटभर उंच आहे. ज्यांना स्वतःला तिचा त्रास होतो त्यांनीच ती अजून बदललेली नाही, याचं मला नवल वाटतं.

नव्या दोन केंद्रांबद्दल थोडक्यात. एकात एसी आहे, टोकन आहे, पोरं तरतरीत आहेत. पासपोर्ट फोटो, रेल्वे तिकीट, परीक्षेचे फॉर्म, यासाठी मी खुशाल तिकडं जा म्हणेन. काम झटपट होतं आणि पावती छापील मिळते. दुसऱ्यात मला समोरच्या माणसानं माझाच मोबाईल हातातून घेऊन ओटीपी बघितला. तिथं मी परत गेले नाही.

माझी मुलगी पुण्यात शिकते. ती म्हणते, ‘आई, आता बूथवर जायचंच कशाला? सगळं फोनवर होतं.’ तिचं बरोबर आहे. सातबारा, वीजबिल, गॅस, गटाचे हप्ते, हे मी आता घरूनच करते. बाजारात भाजीवालीकडंही क्यूआर असतो. आधारची झाकलेली प्रत, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ती काढायला आणि बायोमेट्रिक लॉक करायला तिनंच मला शिकवलं. तिच्या अकरावीपासूनचे सगळे दाखले मात्र तात्यांनी काढून दिलेत. उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमीलेयरचा. नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चला संपतो, हे तेच दरवर्षी फेब्रुवारीत फोन करून आठवण करून देतात. तिच्या वर्गातल्या दोन मुलींचा प्रवेश याच एका तारखेवरून लटकला होता.

आणि आत्याबाईंसारख्या माणसांचं काय, ज्यांच्या हातातला फोन फक्त उचलायचा आणि ठेवायचा? माझ्या गटात बारापैकी पाचजणींना मेसेज वाचता येत नाही. त्यांच्यासाठी बूथ आजही तेवढाच लागतो, जेवढा २००४ मध्ये मला लागत होता.

काचेची केबिन अजून आहे. मधली काही वर्षं त्यात झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे होते. गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी ते काढले, आतला पंखा दुरुस्त करून घेतला, काचेला आतून फुलाफुलांचा पडदा लावला आणि एक खुर्ची ठेवली. तान्ह्या पोराला घेऊन आलेल्या बायकांना दूध पाजायला आडोसा हवा म्हणून. आता जन्मदाखल्यात बाळाच्या नावापुढं आईचं नाव येतं, त्यामुळं त्या कामाला अशा बायका बऱ्याच येतात. परवा मी गेले तेव्हा पडद्यामागं एक पोरगी बाळाला पाजत नवऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. बाहेर बाकावर सहा-सात जण होते. तात्यांनी पंखा वाढवला, पुढच्याला म्हणाले, ‘हं, आधार द्या.’

पाचपैकी मी चार देते. कापलेला एक त्या झेरॉक्सच्या खोक्यासाठी आहे, खोकं रिकामं झालं की तोही देईन.

वेळ: सकाळी साडेनऊ ते सात, जेवणाची सुट्टी दीड ते अडीच. गुरुवारी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, बुधवारी दुपारी चारनंतर जा. मूळ कागद आणि स्वतःचाच मोबाईल न्या. म्हातारं माणूस सोबत असेल तर आधी वही काढायला सांगा. आणि उठताना झेरॉक्स परत मागून घ्या.